अ‍ॅझिथ्रोमायसिन निकामी करणारी जनुकं

"मला आता अ‍ॅझी लागूच पडत नाही, अंगाला सवय झालीय." मिरजेतल्या दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर, सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर, पाहुण्यांच्या गप्पांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की त्याचं नीट उत्तर एकदा लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं. औषध लागू पडलं नाही हा अनुभव खरा असतो. पण सवय अंगाला होत नसते. तुमचं शरीर आहे तसंच राहतं, बदललेला असतो तो जिवाणू. आयुष्यात अ‍ॅझिथ्रोमायसिनची एकही गोळी न घेतलेल्या माणसाच्या घशातसुद्धा या औषधाला दाद न देणारा जिवाणू असू शकतो. ती ताकद जिवाणूच्या जनुकात असते, आणि ते जनुक त्याला भलत्याच कुणाकडून आलेलं असतं.

मी मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पू, थुंकी, रक्त यांत कुठला जिवाणू वाढतोय आणि त्याच्यावर कुठलं औषध चालेल हे शोधणं हे आमचं रोजचं काम. त्या कामात जी जनुकं सारखी आडवी येतात त्यांच्याबद्दल इथे सांगते.

अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि त्यांचं मूळ एरिथ्रोमायसिन ही सगळी मॅक्रोलाइड गटातली औषधं. त्यांच्या रेणूत अणूंचं एक मोठं कडं असतं, १४, १५ किंवा १६ अणूंचं, आणि त्याला साखरेचे रेणू जोडलेले असतात. गोठ्यात आणि पोल्ट्रीत वापरलं जाणारं टायलोसिनही याच गटातलं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एरिथ्रोमायसिन मातीतून मिळालं. फिलिपिन्समधले डॉक्टर आबेलार्दो अगिलार यांनी इलोइलो भागातली माती १९४९ मध्ये एली लिली या अमेरिकन कंपनीकडे पाठवली. तिच्यातल्या एका जिवाणूपासून हे औषध सापडलं आणि १९५२ मध्ये ते वापरात आलं. त्याच्यात बदल करून १९८० मध्ये झाग्रेबच्या प्लिवा कंपनीतल्या संशोधकांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन तयार केलं.

आता विचार करा. जो जिवाणू स्वतःच्या पेशीत एरिथ्रोमायसिन बनवतो, तो त्यानं मरत कसा नाही? कारण औषध बनवण्याच्या जनुकांबरोबर त्याच्याजवळ औषधापासून वाचण्याचं जनुकही असतं. वळवाचा पाऊस पडला की वाळवा-पलूसकडच्या काळ्या रानातून जो वास उठतो, तो मुख्यतः याच जातकुळीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो. म्हणजे प्रतिजैविकं बनवणारे आणि त्यांच्यापासून वाचणारे जिवाणू आपल्या पायाखालच्या जमिनीत माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. ही जनुकं आपण तयार केलेली नाहीत. आपण त्यांना मातीबाहेर मोकळं रान करून दिलं.

मॅक्रोलाइड नेमकं काय करतं ते कळल्याशिवाय जनुकांचं काम कळणार नाही. जिवाणूला जगायला सतत नवीन प्रथिनं लागतात आणि ती रायबोसोममध्ये बनतात. रायबोसोमचे दोन भाग असतात. मोठ्या भागात एक अरुंद बोगदा असतो, आणि नुकतीच जुळत चाललेली प्रथिनाची साखळी त्यातून बाहेर पडते. मॅक्रोलाइडचा रेणू या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन चिकटतो. साखळी अडते, प्रथिनं अर्धवट राहतात, जिवाणूची वाढ थांबते. चिकटण्याची जागाही ठरलेली आहे. रायबोसोममधल्या २३एस नावाच्या आरएनएच्या लांबलचक माळेत २०५८ क्रमांकाचा मणी म्हणजे एक अ‍ॅडेनिन आहे, ती या औषधाची मुख्य पकड. आपल्या पेशींच्या मुख्य रायबोसोममध्ये त्या जागी अ‍ॅडेनिनऐवजी ग्वानिन हा वेगळा मणी असतो. हे औषध जिवाणूला मारतं आणि आपल्याला सोडतं, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

या एका अ‍ॅडेनिनवरच 'अर्म' गटातली जनुकं घाव घालतात. अर्म जनुकापासून एक एन्झाइम बनतं. ते २०५८ क्रमांकाच्या अ‍ॅडेनिनला मिथाइलचा एक किंवा दोन गट जोडतं. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढंसं प्रकरण. पण दोन मिथाइल बसले की औषधाला तिथे जागाच उरत नाही. औषध पेशीत शिरतं, रायबोसोमपर्यंत पोचतं आणि चिकटायला काही नाही म्हणून नुसतं फिरत राहतं.

त्यातली खरी अडचण पुढे आहे. हीच जागा आणखी दोन औषधगट वापरतात: क्लिंडामायसिन ज्यात येतं तो लिंकोसामाइड गट, आणि स्ट्रेप्टोग्रामिन-बी गट. रसायन म्हणून या औषधांचं एकमेकांशी नातं नाही, पण चिकटण्याची जागा एकच. त्यामुळे एक जनुक तिन्ही गटांना निकामी करतं. गळू, जखमेतला पू, हाडातला संसर्ग यांत क्लिंडामायसिन फार उपयोगाचं आहे, विशेषतः पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला. सर्दीसाठी घेतलेल्या अ‍ॅझीनं अर्मवाले जिवाणू वाढले, तर उद्या पायाच्या जखमेसाठी लागणारं क्लिंडामायसिनही गेलं. दोन औषधांची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, म्हणून रुग्णाला हा संबंध कधी दिसत नाही.

अर्म जनुक पुष्कळदा दडून असतं, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट हीच. स्टॅफिलोकॉकस जिवाणूत सापडणारं अर्म-सी हे त्याचं उत्तम उदाहरण. जनुकाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएवर सुरुवातीला १९ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन लिहिलेलं असतं आणि त्याच्यापुढे मिथाइल लावणाऱ्या एन्झाइमचा मजकूर. औषध नसताना हा आरएनए स्वतःवरच दुमडलेला असतो, असा की एन्झाइमच्या मजकुराची सुरुवात घडीत झाकली जाते. रायबोसोम छोटं प्रथिन वाचतो आणि निघून जातो, एन्झाइम बनत नाही. थोडं एरिथ्रोमायसिन आलं की एखाद्या रायबोसोमला ते चिकटतं, आणि तो रायबोसोम ते छोटं प्रथिन वाचता वाचता मध्येच अडकतो. तो अडकला की घडी उलगडते, झाकलेली सुरुवात मोकळी होते, आणि अजून औषध न लागलेले शेजारचे रायबोसोम तिथून वाचून एन्झाइम बनवायला लागतात. औषध ज्या कृतीनं जिवाणूला अडवतं, त्याच कृतीनं त्याची सुटका सुरू होते. इतकी नेटकी योजना मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. आणि जनुक एरवी दडवून ठेवण्यात जिवाणूचा फायदा आहे, कारण मिथाइल लावलेल्या रायबोसोमचं काम थोडं बिघडतं. गरज नसताना हा खर्च त्याला परवडत नाही.

क्लिंडामायसिन मात्र साधारणपणे ही घडी उलगडू शकत नाही. म्हणून नुसत्या क्लिंडामायसिनच्या चाचणीत असा जिवाणू शहाण्यासारखा मरतो. रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' लिहिलं जातं, औषध सुरू होतं. पण रुग्णाच्या जखमेत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतल्या एखाद्यात तो घडीचा भागच बिघडलेला असतो आणि त्याचं अर्म कायमचं चालू राहतं. बाकीचे मरतात, तो वाढतो, आणि आठवड्यानं जखम पुन्हा वाहायला लागते.

हे आधीच पकडण्यासाठी आम्ही डी-टेस्ट करतो. फार महागडं यंत्र लागत नाही. रुग्णाच्या पुवातून वाढवलेला स्टॅफिलोकॉकस ठरावीक दाटपणाचं पाणी करून म्युलर-हिंटन आगर या जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या प्लेटवर कापसाच्या बोळ्यानं एकसारखा पसरायचा. त्यावर दोन कागदी चकत्या ठेवायच्या, एक १५ मायक्रोग्रॅम एरिथ्रोमायसिनची, दुसरी २ मायक्रोग्रॅम क्लिंडामायसिनची, दोघींच्या कडांत १५ ते २६ मिलिमीटर अंतर. प्लेट रात्रभर ३५ अंशाला ठेवायची. सकाळी झाकण काढून उजेडात धरली की एरिथ्रोमायसिनच्या चकतीला लागून दाट पांढरट वाढ दिसते, म्हणजे ते औषध चालत नाही. क्लिंडामायसिनभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ दिसायला हवं. ते पूर्ण गोल असेल तर ठीक. पण एरिथ्रोमायसिनकडची बाजू सपाट झालेली असेल, वर्तुळाचं इंग्रजी डी अक्षर झालेलं असेल, तर समजायचं की एरिथ्रोमायसिन पाझरत जिथवर पोचलं तिथल्या जिवाणूंचं दडलेलं अर्म जागं झालं आणि त्यांनी क्लिंडामायसिनलाही दाद दिली नाही. मग क्लिंडामायसिनसमोर आम्ही 'रेझिस्टंट' लिहितो. चकत्या एकमेकींपासून फार लांब पडल्या तर ही सपाट बाजू दिसतच नाही, म्हणून हाताखालच्या मुलामुलींना मी चकत्या पट्टीनं मोजून ठेवायला लावते.

अर्मखेरीज इतर मार्गही आहेत. 'मेफ' जनुकं पेशीच्या आवरणात पंप बसवतात आणि शिरलेलं मॅक्रोलाइड बाहेर फेकतात. घशाच्या आणि न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये ती भेटतात, आणि त्यांत क्लिंडामायसिन शाबूत राहतं. 'एमएसआर' जनुकांचं प्रथिन आधी पंपच समजलं जायचं, पण ते रायबोसोमला चिकटलेलं औषध तिथून उखडून काढतं असं पुढे कळलं. 'एमपीएच' जनुकं औषधाच्या साखरेवर फॉस्फेट चढवून ते निरुपयोगी करतात, 'ईआरई' जनुकं त्याचं कडंच फोडतात. काही जिवाणूंना बाहेरून जनुक आणायचीही गरज पडत नाही. मायकोप्लाझ्मा न्यूमोनियामध्ये २३एस आरएनएच्या जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्या जागी एक अक्षर चुकलं की सगळेच रायबोसोम बदलतात. पोटाच्या अल्सरमागचा हेलिकोबॅक्टर क्लॅरिथ्रोमायसिनला याच पद्धतीनं चुकवतो.

टायफॉइडबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. सिप्रोफ्लॉक्सासिन भारतात टायफॉइडवर बहुतांशी निरुपयोगी झाल्यावर तोंडानं घ्यायच्या औषधांत अ‍ॅझिथ्रोमायसिनवर मोठा भार आला. पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडमध्ये तर गोळीच्या रूपात तेवढं एकच औषध उरलं. २०१९ मध्ये बांगलादेशातल्या संशोधकांनी दाखवलं की टायफॉइडच्या जिवाणूच्या स्वतःच्या पंपातल्या एका प्रथिनात, ७१७ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललं की अ‍ॅझिथ्रोमायसिन चालत नाही. ही गोळी गेली तर टायफॉइडच्या प्रत्येक पेशंटला इंजेक्शनसाठी अ‍ॅडमिट करण्याची वेळ येईल. जतच्या किंवा आटपाडीच्या मजुराला आठ-दहा दिवस खाटेवर पडून राहणं म्हणजे काय, हे मी इथे वेगळं सांगत नाही.

आता ही जनुकं पसरतात कशी? अर्म आणि एमपीएच पुष्कळदा प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून वेगळा असलेला डीएनएचा छोटा गोल तुकडा. शेजारणीला वाटीभर विरजण दिलं तरी आपल्याकडचं संपत नाही आणि तिच्या घरीही रोज दही लागायला लागतं, तसं प्लाझ्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं: देणाऱ्याकडे त्याची प्रत राहतेच, आणि घेणारा वेगळ्या जातीचा असला तरी चालतो. अर्म-बी तर ट्रान्सपोझॉन नावाच्या उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यांवर बसून फिरतं, आणि त्याच तुकड्यावर टेट्रासायक्लिन या वेगळ्याच गटातल्या प्रतिजैविकाला दाद न देण्याचं जनुकही बऱ्याचदा असतं. याचा अर्थ असा की टेट्रासायक्लिन वापरलं तरी अर्म-बी टिकून राहतं. मॅक्रोलाइडचा एक थेंबही न वापरता.

आपल्या भागात हे विशेष लक्षात घ्यायला हवं. सांगली जिल्हा दुधाचा जिल्हा. गाईला दगडी झाली, कास सुजली, की सडात औषध सोडलं जातं किंवा इंजेक्शन दिलं जातं, आणि टायलोसिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन ही त्यातली नेहमीची नावं. कोंबड्यांच्या श्वसनाच्या आजारात पाण्यातून टायलोसिन देतात. दवाखान्याचं आणि शहराचं सांडपाणी, शेण, पोल्ट्रीतली लिटर (कोंबड्यांखालचा विष्ठा मिसळलेला भुसा) या सगळ्यांत अर्म-बी असल्याचं जगभरच्या तपासण्यांत दिसलेलं आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी गटारं, गोठे, उकिरडे सगळं एकत्र करून घराघरांत शिरलं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. विरजणाचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगते: औषध चालू असलेल्या गाईच्या दुधाचं दही नीट लागत नाही, असा अनुभव गावाकडे खूप जणींना असतो. ते खरं आहे. दुधात उतरलेलं प्रतिजैविक विरजणातले चांगले जिवाणू मारतं. पशुवैद्यकानं सांगितलेले दिवस दूध संस्थेत न घालता बाजूला ठेवायचं असतं ते यासाठीही.

माणसांकडे परत वळू. अ‍ॅझिथ्रोमायसिन तीन-पाच दिवसांत संपतं म्हणून लोकांना आवडतं. पण ते शरीरातून फार हळू जातं, त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ६८ तास लागतात. शेवटच्या गोळीनंतर कितीतरी दिवस ते उतींत थोडं थोडं उरतं, जिवाणूला मारायला कमी, पण औषधाला दाद न देणारे तेवढे निवडून पुढे आणायला पुरेसं. बेल्जियममध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी २२४ निरोगी स्वयंसेवकांना अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बिनऔषधी गोळी देऊन त्यांच्या तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस तपासले. २००७ मध्ये निकाल छापून आला. औषध घेतलेल्यांच्या तोंडात मॅक्रोलाइडला दाद न देणारे जिवाणू काही दिवसांतच वाढले आणि १८० दिवसांनंतरही ते जास्तच होते. यांतल्या एकालाही आजार नव्हता. तीन दिवसांच्या औषधाची खूण सहा महिने राहिली. आणि तोंडातले हे निरुपद्रवी जिवाणू आपली जनुकं न्यूमोनियाच्या जिवाणूला देऊ शकतात.

कोविडच्या काळात घरोघरी अ‍ॅझीच्या पट्ट्या होत्या. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की कोविडमध्ये त्यांचा उपयोग होत नव्हता. सर्दी, फ्लू, बहुतेक घसेदुखी हे विषाणूंचे आजार. विषाणूकडे स्वतःचा रायबोसोमच नसतो, मग हे औषध चिकटणार कशाला? ज्या घसेदुखीत खरोखर स्ट्रेप्टोकॉकस असतो, जिच्यातून पुढे हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, तिला तर जुनं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच चांगलं. पेनिसिलिनला पुरून उरलेला हा घशाचा स्ट्रेप्टोकॉकस जगात रुग्णांमध्ये अजून सापडलेला नाही. मॅक्रोलाइडला पुरून उरलेले मात्र भरपूर सापडले आहेत, इतके की जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ च्या धोकादायक जिवाणूंच्या यादीत त्यांचं नाव घातलं. तरी मेडिकलमध्ये मिळतं ते 'घशासाठी अ‍ॅझी द्या तीन गोळ्या', आणि तेही चिठ्ठीशिवाय. हे शेड्यूल एच मधलं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मला याची खरंच चीड येते.

हे उलटं फिरवता येतं का? फिनलंडनं फिरवून दाखवलं. तिथे १९९० च्या सुमारास घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये एरिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण वाढू लागलं, तेव्हा श्वसनाच्या आणि त्वचेच्या आजारांत मॅक्रोलाइड कमी वापरा अशी सूचना देशभर दिली गेली. डॉक्टरांनी ती पाळली, वापर जवळजवळ निम्म्यावर आला. १९९२ मध्ये १६.५ टक्के असलेलं ते प्रमाण १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर उतरलं. औषध नसेल तर अर्म किंवा मेफ बाळगणारा जिवाणू बाकीच्यांच्या पुढे जात नाही, आणि साधे जिवाणू हळूहळू आपली जागा परत घेतात. हे सगळीकडे आणि प्रत्येक जनुकाबाबत इतक्या सहज होईल असं नाही. अर्म-बीसारखं जनुक टेट्रासायक्लिनच्या आधारानं तग धरून बसलं असेल तर वेळ लागतो. म्हणून डॉक्टर, मेडिकलवाले, गोठेवाले यांतल्या एकानंच आवरून भागत नाही.

आणि आवरायचं ते कुणासाठी, तेही स्पष्ट सांगते. डांग्या खोकल्यात तान्ह्या बाळाला पहिलं औषध मॅक्रोलाइड. कॉलऱ्यात लहान मुलांना आणि गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन. शेतात, गवतात काम करताना चिगर नावाचा बारीक किडा चावून होणाऱ्या स्क्रब टायफस या तापात एरवी डॉक्सिसायक्लिन देतात, पण बाई गरोदर असेल तर डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिनलाच हात घालतात. तिच्यासाठी तोंडानं देता येईल अशी दुसरी तितकीच भरवशाची गोळी आमच्याकडे नाही.